बाळसं, भूक आणि अंगावरचं दूध: दुधातली हार्मोन्स नेमकं काय करतात

चौथा महिना लागला की घरोघरी एक तक्रार ठरलेली असते. "तीन महिने कशी भराभर वाढत होती, आता वजन हलतच नाही. दूध पातळ झालं असेल." मग कुणी वरचं दूध सुचवतं, कुणी शतावरीचा डबा आणून ठेवतं, आणि बाळंतीण बिचारी दर दोन दिवसांनी वजनकाट्याकडे धावते.

आधी आकडे बघू. २.८ किलोची मुलगी जन्मली, जे आपल्याकडे अगदी नेहमीचं वजन आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ती मधल्या रेषेच्या खालच्या रेषेवर बसते. ती मुलगी त्याच रेषेवरून चालत राहिली तर पहिला महिना संपताना ३.६ किलो, दुसरा संपताना ४.५, मग ५.२, ५.७, ६.१ आणि सहावा महिना संपताना ६.५. आता वजाबाकी करा. पहिल्या महिन्यात ८०० ग्रॅम, दुसऱ्यात ९००, तिसऱ्यात ७००, चौथ्यात ५००, पाचव्यात आणि सहाव्यात ४०० - ४००. वर्ष भरताना ती ७.९ किलोची असते, म्हणजे दुसऱ्या सहामाहीत महिन्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. चौथ्या महिन्यात वेग निम्म्यावर आलेला दिसतो तो असा. दूध पातळ झालेलं नसतं, वाढीची गाडीच गिअर बदलत असते.

हा तक्ता २००६ साली आला. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली बाळं मोजली होती, त्यात दिल्लीचीही होती, आणि त्यांना अंगावर पाजलं जात होतं. त्याआधी जगभर वापरात असलेला १९७७ चा अमेरिकी तक्ता मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या मुलांवरून बनलेला होता. त्यावर अंगावर पिणारी बाळं तीन-चार महिन्यांनंतर हमखास खाली घसरताना दिसायची. त्या घसरणीच्या धास्तीनं किती बाटल्या सुरू झाल्या असतील याचा हिशोब कुणाकडे नाही. अंगावर पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने जोरात वाढतात आणि मग पावडरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सावकाश, हे आता पक्कं माहीत आहे. वर्षाच्या शेवटी दोघांत साधारण अर्धा-पाऊण किलोचा फरक असतो. उंचीत तसा फरक पडत नाही.

मग हा वेग ठरवतं कोण? इथे हार्मोन्स येतात. पण "दुधाची हार्मोन्स" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. एक, आईच्या अंगात दूध तयार करणारी आणि बाहेर आणणारी. दुसरी, दुधातून बाळाच्या पोटात जाणारी. पहिल्यांचा वाढीवर फार मोठा आणि सरळ परिणाम होतो. दुसऱ्यांचा होतो, पण हलक्या हातानं.

दूध बनतं आणि पान्हा फुटतो

गरोदरपणातच स्तन दूध बनवायला तयार झालेले असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्यांना दाबून ठेवतं. वार पडली की ते झपाट्यानं उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं, आणि दोन ते चार दिवसांत छाती भरून येते. त्याआधी येतो तो चीक. पहिल्या दिवशी तो सगळा मिळून पाच-सहा चमचे असतो आणि तेवढाच लागतो, कारण बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे. २.८ किलोचं बाळ चौथ्या दिवशी २.६ वर आलं तर ती सात टक्के घट झाली. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ती भरून निघायला हवी.

चौथ्या-पाचव्या दिवशीही छाती भरून आली नाही, तर कारण शोधायचं असतं. वारेचा तुकडा आत राहिला असेल तर प्रोजेस्टेरॉन उतरत नाही, म्हणजे शरीराच्या हिशोबानं बाळंतपण अजून पुरतं झालेलंच नाही. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल तर प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीलाच इजा झालेली असू शकते. गरोदरपणातला मधुमेह, जास्त वजन किंवा सिझेरियन असेल तर दूध यायला एक-दोन दिवस उशीर होतो, पण येतं. हे वेगवेगळे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर एकच लाडू चालत नाही.

आता एक पाजणं जवळून बघा. बाळ ओढायला लागतं तेव्हा सुरुवातीला भराभर, उथळ चोखतं. गिळण्याचा आवाज नसतो. स्तनाग्राच्या मज्जातंतूंतून निरोप मेंदूत जातो, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि साधारण मिनिटाभरात पान्हा फुटतो. कधी कधी दुसऱ्या बाजूनंही दूध गळतं. बाळाची चाल लगेच बदलते. संथ, खोल ओढ, मधे हनुवटीचा किंचित थांबा, आणि गिळण्याचा हलका आवाज. तो हनुवटीचा थांबा म्हणजे तोंड दुधानं भरल्याची खूण. सुरुवातीचं दूध पाणीदार असतं. छाती रिकामी होत जाते तसं दुधातलं स्निग्ध वाढत जातं. शेवटी आवळलेली मूठ सैल पडते आणि बाळ आपणहून सोडतं. पाच मिनिटं झाली म्हणून घड्याळ बघून बाजू बदलली, तर सायीसारखं शेवटचं दूध राहूनच जातं. असं बाळ तासाभरात पुन्हा रडतं.

दुखणं, भीती, कुणीतरी डोक्यावर उभं राहून "येतंय का दूध?" विचारणं, यानं ऑक्सिटोसिन अडतं. दूध असतं, पान्हा फुटत नाही. जुन्या बायका बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करू देत नसत, त्याचं एक चांगलं कारण हे.

प्रोलॅक्टिनचा स्वभाव वेगळा. बाळ ओढतं तसं ते वाढतं, अर्ध्या तासात वर जातं, आणि रात्री त्याची पातळी दिवसापेक्षा जास्त असते. म्हणून "रात्री बाटली द्या, आईला झोपू द्या" हा सल्ला पहिल्या महिन्यात महाग पडतो. शिवाय प्रत्येक स्तनाचा हिशोब स्वतंत्र असतो. भरलेला स्तन दूध बनवणं मंद करतो, रिकामा झालेला वेग वाढवतो. वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, छाती भरलेली राहते, दूध खरोखरच कमी होतं, आणि आठवड्याभरात "बघा, दूध नव्हतंच" हे खरं ठरतं. इस्ट्रोजेन असलेल्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनीही दूध कमी होऊ शकतं. पाजणाऱ्या आईला फक्त प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेली साधनं सहसा सुचवतात, ती याच कारणानं.

हळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांना नावं ठेवायचं कारण नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, आणि हळिवात लोह भरपूर असतं. पण ते आईचं खाणं आहे, दुधाचा नळ सोडणारी चावी नव्हे.

दुधातून बाळाकडे काय जातं

१०० मिलिलिटर अंगावरच्या दुधात सुमारे ८७ - ८८ भाग पाणी, ७ ग्रॅम दुग्धशर्करा, साडेतीन-चार ग्रॅम स्निग्ध आणि जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं असतात. हार्मोन्स यापुढे नगण्य वाटतील अशी. लेप्टिन बहुतेकदा मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमपेक्षाही कमी, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. बाळ दिवसाला पाऊण लिटर प्यायलं तरी हिशोब काहीशे नॅनोग्रॅमच्या पुढे जात नाही.

पहिली शंका रास्त आहे: इन्सुलिन, लेप्टिन ही प्रथिनं. ती पोटात पचून जात नाहीत का? मोठ्या माणसाच्या पोटात जातात, म्हणूनच मधुमेहाचं इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं. तान्ह्या बाळाचं पोट वेगळं आहे. आम्ल कमी, प्रथिनं तोडणारं पेप्सिन कमी, आणि दुधात स्वतःचे असे घटक असतात जे पाचकरसांना थोडा वेळ थोपवून धरतात. त्यामुळे काही भाग आतड्यापर्यंत शाबूत पोहोचतो.

इन्सुलिनचं काम बहुधा तिथेच संपतं. ते रक्तात शिरून बाळाची साखर उतरवत नाही, आतड्याच्या अस्तराला पिकवतं. चिकात ते जास्त असतं, आणि कोवळं अस्तर तयार करण्याची गरजही तेव्हाच असते. कमी दिवसांच्या बाळांच्या पावडरच्या दुधात थोडं इन्सुलिन मिसळून घेतलेल्या एका चाचणीत (निकाल २०२२) ती बाळं इतरांपेक्षा साधारण चार दिवस आधी सलाइनवरून पूर्ण दुधावर आली. याच कामात ईजीएफ नावाचा वाढीचा घटकही असतो, आणि दिवस न भरता बाळंत झालेल्या आईच्या दुधात तो जास्त असतो.

लेप्टिनची कीर्ती सगळ्यात मोठी. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं त्याचा जनुक शोधला. ते चरबीच्या पेशींत बनतं आणि मेंदूला सांगतं, "साठा आहे, खाणं पुरे." तीनच वर्षांत ते आईच्या दुधातही सापडलं. आई जाड असेल तर दुधात जास्त, बारीक असेल तर कमी. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या संशोधकांनी पिणाऱ्या उंदरांच्या पिल्लांना दुधात असतं तेवढंच लेप्टिन तोंडानं दिलं. ती पिल्लं मोठी झाल्यावर चरबीयुक्त खाण्यानं इतरांइतकी सुटली नाहीत. हा २००७ चा प्रयोग फार गाजला. माणसांत चित्र तितकं स्वच्छ नाही. बऱ्याच अभ्यासांत जास्त लेप्टिनचं दूध पिणारी बाळं थोडी कमी भरली, काहींत फरकच दिसला नाही.

चरबीच्या पेशींतच बनणारं दुसरं हार्मोन, ॲडिपोनेक्टिन, दुधात लेप्टिनच्या कितीतरी पट असतं, आणि त्याच्याबद्दलची उत्तरं तर एकमेकांशी भांडतात. एका ठिकाणी ते जास्त असलेल्या दुधावरची बाळं वर्षभर बारीक राहिली, दुसऱ्या ठिकाणी अशाच बाळांचं वजन दोन वर्षांनी जास्त भरलं. भूक चेतवणारं घ्रेलिनही दुधात असतं. तेव्हा "दुधातलं अमुक हार्मोन बाळाला लठ्ठपणापासून वाचवतं" असं कुणी ठामपणे सांगितलं, तर ते उंदरांबद्दल आहे की बाळांबद्दल, एवढं विचारावं.

मोठा खेळ प्रथिनांचा

खरी हार्मोनची भानगड दुधातल्या हार्मोन्सपेक्षा दुधामुळे बाळाच्या रक्तात काय घडतं यात आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षात वाढ मुख्यतः खाण्यावर, इन्सुलिनवर आणि आयजीएफ-१ या इन्सुलिनसारख्या वाढीच्या घटकावर चालते. उंचीच्या वाढीचं म्हणून ओळखलं जाणारं ग्रोथ हार्मोन सूत्रं हातात घेतं ते वर्षाच्या उत्तरार्धात. आणि आयजीएफ-१ ला पेटवणारी ठिणगी म्हणजे प्रथिनं. प्रथिनं जास्त झाली की काही अमिनो आम्लं रक्तात चढतात, इन्सुलिन आणि आयजीएफ-१ वाढतात, वजन भराभर चढतं, चरबीच्या पेशीही वाढतात.

म्युनिकच्या बर्थोल्ड कोलेट्झ्को यांच्या पुढाकारानं युरोपातल्या पाच देशांत हजारावर बाळांवर हे तपासलं गेलं. दोन्ही गटांना पावडरचंच दूध, फरक फक्त प्रथिनांचा. सहाव्या वर्षी जास्त प्रथिनांच्या गटातली १० टक्के मुलं लठ्ठ होती, कमी प्रथिनांच्या गटात ४.४ टक्के.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणा. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हशीच्या दुधात चारच्या जवळ. म्हणजे अंगावरच्या दुधाच्या तिप्पट-चौपट. "मग अर्धं पाणी घालू" म्हणून सुटका होत नाही. म्हशीचं दूध निम्म्यानं पातळ केलं तरी प्रथिनं अंगावरच्या दुधाच्या दुप्पटच राहतात, साखर कमी पडते, पाणी आणि भांडं स्वच्छ नसेल तर जुलाब सुरू होतात. लोह तर मुळातच नसल्यासारखं. वर्षाच्या आत हे मुख्य दूध म्हणून देऊ नये. काही कारणानं अंगावर पाजता येत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेली पावडर, आणि डब्यावर लिहिलेलं पाण्याचं माप तंतोतंत. पावडरचा एक चमचा जास्त घातला तर दूध दाट होऊन बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, कमी घातला तर ते उपाशी राहतं.

बाटलीत आणखी एक गोष्ट घडते. छातीवर किती प्यायचं ते बाळ ठरवतं, बाटलीत पाजणारा. तळाशी उरलेलं ३० मिलिलिटर वाया जाऊ नये म्हणून तोंडात कोंबलं जातं, आणि पोट भरल्याची खूण बाळ हळूहळू विसरतं.

पण याचा अर्थ अंगावरचं दूध म्हणजे जाड न होण्याची लस असाही नाही. बेलारूसमध्ये मायकल क्रेमर यांच्या चमूनं १७ हजारांवर आई-बाळांच्या जोड्या तपासल्या. निम्म्या दवाखान्यांत अंगावर पाजण्याला पद्धतशीर मदत केली होती. बाळं जास्त दिवस आणि निव्वळ अंगावर प्यायली, पोटाचे आजार कमी झाले. साडेअकराव्या वर्षी मात्र लठ्ठपणात दोन गटांत फरक नव्हता.

पुण्याजवळच्या खेड्यांमधला अभ्यास या सगळ्याला वेगळं वळण देतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या आया आणि बाळं मोजली. बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५. हातापायाचे स्नायू, पोट सगळं बारीक, पण पाठीवरची त्वचेखालची चरबी जवळजवळ तेवढीच. पुढच्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लेप्टिन लंडनच्या गोऱ्या बाळांइतकंच निघालं आणि इन्सुलिन जास्त. बाळ दिसायला लहान, आतून चरबीला सोकावलेलं. दिवस भरून जन्मलेल्या अशा लहान बाळाला "लवकर गुटगुटीत" करण्याची घाई म्हणूनच नको. दिवस न भरलेल्या किंवा खरोखर कुपोषित बाळाची गोष्ट निराळी, त्याला वजन मिळवावंच लागतं आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

काढून ठेवलेलं दूध

रात्रीच्या दुधात झोपेचं हार्मोन मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं. जागं ठेवणारं कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त. बाळाचं स्वतःचं दिवस-रात्रीचं घड्याळ दोन-चार महिन्यांनी बसतं, तोवर दूधच त्याला वेळ सांगतं असा अंदाज आहे. कामावर जाणाऱ्या आईनं डबीवर तारखेबरोबर वेळही लिहिली तर सकाळचं दूध सकाळी देता येतं. जमलं तर करा, नाही जमलं तर दूध ओतून देण्याइतका हा पुरावा भक्कम नाही.

काढलेलं दूध २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं. विदर्भातल्या मे महिन्यात हा नियम विसरा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. एकदा वितळलं की २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. गरम करायला डबी कोमट पाण्यात धरा. गॅसवर उकळलं की नाजूक प्रथिनं गेली.

दूधपेढीत इतर आयांनी दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दूधपेढी आशियातली पहिली. तापवल्यानं जंतू मरतात, पण मोजणीत इन्सुलिन जवळपास निम्म्यानं आणि ॲडिपोनेक्टिन एक-तृतीयांशानं घटलेलं दिसलं. तरीही कमी वजनाच्या बाळाला पावडरपेक्षा ते उजवं, आणि स्वतःच्या आईचं ताजं त्याहून उजवं.

जिथे दुधावर भिस्त ठेवू नये

थायरॉइडची हार्मोन्स दुधात असतात, पण अगदी थोडी. ज्या बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही, त्याला ती पुरत नाहीत. भारतात हजार-दीड हजार बाळांमागे एखादं असं असतं, आणि सुरुवातीला ते शांत, झोपाळू, "गुणी" वाटतं. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) तपासता येतं. गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मेंदूची वाढ सांभाळता येते, उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. आई स्वतः थायरॉइडची गोळी घेत असेल तर ती चालू ठेवून बिनधास्त पाजावं.

आता पुन्हा वजनाकडे. एकच काटा, कपडे आणि लंगोट काढून, शक्यतो एकाच वेळी. पहिला महिना आठवड्यातून एकदा, पुढे महिन्याला एकदा पुरतं. रोज मोजलं तर भरलेलं पोट आणि झालेली शी यांचाच हिशोब लागतो. आकडा माता-बाल संरक्षण कार्डावरच्या तक्त्यात ठिपका देऊन भरा. मुलीचा तक्ता वेगळा, मुलाचा वेगळा, आणि अंगणवाडीत घाईत याची अदलाबदल होते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले, लघवी फिकट आणि ठिपके एका रेषेला धरून जात असतील, तर रेषा खालची का असेना, दूध पुरतंय. चौदाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन परत आलं नाही, पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी भर पडते आहे, किंवा ठिपके रेषा ओलांडून खाली उतरत चाललेत, तर बाळाला घेऊन डॉक्टरकडे जावं. आणि तिथे डॉक्टरांसमोर एकदा पाजून दाखवावं, कारण दहातल्या बऱ्याच वेळा चूक दुधात नसून बाळाच्या तोंडात स्तनाचा किती भाग गेलाय यात सापडते.